फाटकवाल्यांचं पाणमांजर

दर गुरुवारी दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढते आणि गावभर फोन लावत बसते. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि दर शुक्रवारी निघणारं गावाचं पत्रक माझ्याच मशीनवर छापलं जातं. छापलं जातं म्हणजे काय, बातम्या मीच गोळा करायच्या, मीच टाइप करायच्या, मशीनमध्ये कागद अडकला की त्याला धपाटे मीच घालायचे आणि चूक झाली की बोलणीही मीच खायची. एकच कागद, पाठपोट. पुढच्या बाजूला पाणी कधी येणार, दवाखाना कधी उघडणार, कोणाची गाय हरवली. मागच्या बाजूला ‘पाहिलं’ नावाचं सदर. रानात, ओढ्यावर, कोणाच्या परसात कुठला पक्षी, कुठलं जनावर दिसलं ते त्यात येतं. लोक कागद हातात घेतात आणि आधी उलटा करतात.

सदराचे नियम दोनच. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तरच सांगायचं, आणि ज्यानं सगळ्यांत आधी पाहिलं त्याचंच नाव छापायचं. नियम केले हेडसरांनी. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांना घरात बसवेना, म्हणून त्यांनी गावातली जनावरं-पाखरं राखायला ओढा समिती काढली. हेतू चांगला होता, नाही कोण म्हणतंय! पण त्या दुसऱ्या नियमानं गावाची पार वाट लावली. घुबडाची पिल्लं आधी कोणी पाहिली ह्यावरून बेकरीवाला आणि त्याचा सख्खा मेहुणा एकमेकांशी बोलायचे बंद झाले. मधल्या मध्ये बेकरीवाल्याची बायको दोघांचे निरोप पोचवून थकली. पिल्लं कधीच मोठी होऊन उडून गेली, ह्यांची तोंडं मात्र अजून दोन दिशांना.

तर हे फोन. दहा जणांना लावावे तेव्हा दोघं धड बोलतात. कोणी म्हणतं, ‘आत्ता गडबडीत आहे गं.’ कोणी उचलतच नाही. कोणी उचलतं आणि बातमी सोडून सुनेची गाऱ्हाणी सांगतं, जी छापता येत नाहीत, नाहीतर पत्रक चार पानी झालं असतं. एका माणसाचा फोन मात्र दुसऱ्यांदा कधी वाजला नाही. पहिल्या घंटीला उचललेला असायचा. ते फाटकवाले.

फाटकवाले म्हणजे रेल्वेच्या फाटकावरचे जुने गेटमन. स्टेशनातून फोन यायचा, ‘गाडी सुटली’, की फाटक पाडायचं. गाडी येतेय आणि फाटक उघडं, असं होऊन चालत नाही. म्हणून पहिल्या घंटीला फोन उचलायची सवय हाडात मुरलेली.

‘ताई, मी उभा जन्म लोकांना थांबवलं,’ ते एकदा मला म्हणाले होते. ‘शिव्या पुष्कळ खाल्ल्या. पण माणसं थांबायची.’

खरं होतं ते. फाटक पडलं की सायकली, ट्रॅक्टर, दुधाची गाडी, सगळे थांबायचे. गाडी जाईपर्यंत काय करणार, बोलायचे. कोणाचं लग्न ठरलं, कोण नापास झालं, कोणाच्या घरात वाटण्या चालल्यात, हे गावात सगळ्यांत आधी फाटकवाल्यांना कळायचं. तेव्हा माझं पत्रक नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. मग रुळांखालून भुयारी रस्ता झाला. फाटक उपटून नेलं. माणसं खालून सुसाट जायला लागली, आणि फाटकवाल्यांची एका खोलीची जागा वर, रुळांच्या कडेला तशीच राहिली. रेल्वेनं ती परत मागितली नाही. बहुतेक विसरली असावी, त्यांच्यासकट.

काकू होत्या तोवर निदान घरात भांड्यांचा आवाज तरी व्हायचा. त्या गेल्या. मुलगी लांब परदेशात, वाढदिवसाला फोन करते. ‘आवर्जून करते हो,’ असं ते सांगायचे. मी काही बोलायची नाही. माझी जीभ कशी आहे ते मला ठाऊक आहे.

एका गुरुवारी त्यांनी फोन उचलला आणि ‘हॅलो’ म्हणायच्या आधीच म्हणाले, ‘ताई, पाणमांजर पाहिलं.’

मी म्हटलं, ‘काका, चष्मा होता ना डोळ्यांवर?’

‘होता. पुसलेला होता. खोलीमागच्या डोहात, तो सपाट धोंडा आहे ना, त्याच्यावर येऊन बसलं. माझ्याकडे बघितलं आणि सुळकन पाण्यात गेलं.’

आमच्या ओढ्यात पाणमांजर म्हणजे थोरांनी सांगायची गोष्ट होती. माझ्या आजोबांनी पाहिलं होतं म्हणे. हेडसर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून धावत गेले. जनावर दिसलं नाही, पण धोंड्याजवळ विष्ठा सापडली, माशांचे खवले असलेली. ती त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या दुकानात आणली आणि काउंटरवर ठेवून म्हणाले, ‘वास घेऊन बघ!’ मी म्हटलं, सर, तुम्ही घेतलात ना, मग गावाच्या वतीनं पुरे झालं.

छापलं मी. ठळक अक्षरांत. ‘फाटकाजवळच्या डोहात पाणमांजर दिसले. पाहणारे: फाटकवाले.’ त्या शुक्रवारी दुपारपर्यंत सगळ्या प्रती संपल्या. लोक भुयारी रस्ता सोडून वर चढले, डोह बघून आले, फाटकवाल्यांशी बोलून आले. तो आठवडा त्यांचा फार चांगला गेला.

नंतर लोक आपापल्या कामाला लागले. मी मात्र दर गुरुवारी विचारायची, ‘दिसलं का हो, काका?’ आणि दर गुरुवारी दिसलेलं असायचं. कधी मासा खात होतं. कधी पाठीवर पोहत होतं. एकदा म्हणाले, ‘आज उदास होतं.’

‘उदास? पाणमांजर उदास आहे हे तुम्हाला कळलं कसं?’

‘एकटंच होतं ना.’

‘काका, जनावर ते! धडधाकट, पोटभर मासे खाल्लेलं. उदास कसलं डोंबलाचं!’ मी तो शब्द गाळला आणि ‘दिसले’ एवढंच छापलं.

पण दुसऱ्या कोणाला म्हणून ते जनावर दिसेना. हेडसर पहाटे जाऊन बसले, संध्याकाळी जाऊन बसले, सर्दी घेऊन परत आले. हळूहळू गावात हसू सुरू झालं. जे असतं म्हणतात पण दिसत नाही त्याला लोक ‘फाटकवाल्यांचं पाणमांजर’ म्हणायला लागले. बेकरीवाल्याच्या बनमधलं क्रीम म्हणजे फाटकवाल्यांचं पाणमांजर. पोस्टातला शिक्का मारणारा माणूस म्हणजे फाटकवाल्यांचं पाणमांजर. हसायची मीही. विनोद बरा होता.

मग ती बातमी आली की ओढ्याच्या दोन्ही काठांना सिमेंटची भिंत बांधणार. पूर येऊ नये म्हणून. भिंत झाली की काठाची झाडं गेली, बिळं गेली, डोह गेला. ओढा समितीनं आरडाओरडा केला. वन खात्याचा साहेब म्हणाला, तिथं खरंच पाणमांजर असेल तर मी काम थांबवतो, पण पुरावा द्या. पत्रकातली ओळ म्हणजे पुरावा नाही. म्हणजे आता सगळा भार आला फाटकवाल्यांच्या शब्दावर. जनावर निघालं तर ओढा वाचणार, नाही निघालं तर ओढा जाणार आणि म्हातारा खोटा ठरणार.

साहेबानं एक कॅमेरा दिला, समोर काही हललं की आपोआप चालू होणारा. तो कधी लावायचा हे कोणालाच सांगायचं नाही असं हेडसरांनी ठरवलं. ‘नाहीतर अर्धं गाव भांग पाडून त्याच्यासमोर उभं राहील,’ ते म्हणाले. वायरमननं गुपचूप जाऊन तो एका झाडाला बांधला, तोंड बरोबर त्या सपाट धोंड्याकडे. आठवड्यानं काढून आणला. आणि इथं आमच्या त्या शहाण्या नियमानं घात केला. आतलं चित्रण आधी कोणी बघायचं? जो बघेल तो पहिला पाहणारा, त्याचं नाव छापायचं. वायरमन म्हणे मी लावला, हेडसर म्हणे समिती माझी, बेकरीवाला म्हणे पडदा माझा. शेवटी तोडगा निघाला की आधी कोणीच बघायचं नाही, शाळेच्या खोलीत सगळ्यांनी एकदमच बघायचं. कुठलंही शहाणं गाव आधी दोन माणसांना बघायला सांगेल. आमचं गाव म्हणजे अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

खोली गच्च भरली. फाटकवाले आले, धुतलेला शर्ट घालून. पुढं बसा म्हटलं तर म्हणाले, ‘नको, मला खोकला येतो,’ आणि सगळ्यांत मागं, दाराजवळच्या लहान मुलांच्या बाकावर बसले. दिवे घालवले.

पडद्यावर धोंडा आला. आणि धोंड्यावर फाटकवाले.

लोक हसले. ‘अरे, सापडलं की पाणमांजर!’ कोणीतरी ओरडलं. फाटकवालेही मागून हसले असावेत, मला आवाज आला. चित्र बदललं. पुन्हा फाटकवाले. पायातल्या चपला शेजारी नीट लावून बसलेले. पुन्हा चित्र बदललं, पुन्हा तेच. खिशातून फोन काढला, शर्टाला पुसला, बघितला, परत ठेवला. पुन्हा बदललं. आता ते बोलायला लागले, आणि त्या कॅमेऱ्याला आवाजही येत होता हे कोणालाच माहीत नव्हतं.

‘ताई, आज दिसलं,’ पडद्यावरचे फाटकवाले पाण्याला म्हणाले. मग मान हलवली. ‘नाही. असं नको. ताई, आज ना, जरा वेगळंच झालं. मग त्या विचारतील, काय झालं. मग म्हणायचं, मासा घेऊन आलं. नाही, मासा मागच्या वेळी सांगितला.’ चष्मा काढून पुसला. ‘पिल्लू होतं म्हणावं का? पिल्लू म्हटलं तर त्या विचारतील, केवढं होतं. मग सांगायचं, एवढं. आणि नाही विचारलं तर आपणच सांगायचं. तेवढाच वेळ.’

खोलीत कोणी हसेना. मला राग आला, आधी त्यांचा, की गुरुवारमागून गुरुवार मला गंडवलं, आणि मग स्वतःचा आणि त्या अंधारात बसलेल्या सगळ्यांचा. एका माणसाला फोनवर जरा जास्त बोलता यावं म्हणून तो ओढ्यावर बसून तालीम करतो, आणि हे आम्ही पडदा लावून बघतोय!

‘बंद करा ते!’ मी ओरडले. ‘सर, लाज वाटत नाही का? बंद करा आधी!’

हेडसर बटण शोधायला लागले. तेवढ्यात चित्र बदललं. धोंडा रिकामा होता. फाटकवाल्यांची पाठ नुकतीच चौकटीबाहेर गेली होती. पाणी हललं, आणि एक चपटं, मिशाळ डोकं वर आलं. पाणमांजर धोंड्यावर चढलं. जिथं फाटकवाले बसले होते तिथं त्यानं नाक लावून हुंगलं. मागून एक पिल्लू आलं. मग आणखी एक, धडपडत, घसरत.

आख्खी खोली उभी राहिली. काय तो गलका! टाळ्या, शिट्ट्या, बेकरीवाल्यानं मेहुण्याला मिठी मारली, खरंच मारली. हेडसर रडत होते. मी मागं वळून बघितलं. फाटकवाले मुलांच्या बाकावर बसल्या जागी मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे करत होते. पुढं सगळ्या पाठीच पाठी. ते उठले, टाचा उंचावल्या, पण तोवर पडदा पांढरा झाला होता. गावातल्या शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांनी पाणमांजर पाहिलं, फक्त त्यांनीच पाहिलं नाही.

‘परत लावा, परत लावा,’ असा ओरडा सुरू झाला. परत लावलं तेव्हा मागचा बाक रिकामा होता.

भिंतीचं काम थांबलं. साहेब खूश झाला, पण एक अट घालून गेला. पिल्लं मोठी होईपर्यंत डोहावर कोणीही जायचं नाही. माणसाची ये-जा राहिली तर मादी पिल्लं उचलून दुसरीकडे निघून जाईल, मग बसा टाळ्या वाजवत. कोणीही म्हणजे कोण जातंय तिथं? एकच माणूस. त्याला सांगणार कोण? हेडसर म्हणाले, माझा घसा बसलाय. वायरमन म्हणाला, मला कामं आहेत. पाणमांजराच्या गळ्यात घंटा बांधायला शेवटी मीच निघाले. तोंडाळ बाईचा गावाला एवढा तरी उपयोग.

रुळांकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर गवत वाढलंय. वाटभर मी वाक्यं जुळवत होते. दार उघडंच होतं. खोलीत खुंटीवर हिरवी आणि लाल झेंडी गुंडाळून टांगलेली, खाली सिग्नलचा कंदील, घासूनपुसून ठेवलेला. दोन खुर्च्या. एकीवर ते, दुसरीवर इस्त्रीच्या कपड्यांची चळत. मला बघून त्यांनी घाईनं ती चळत उचलली, आणि कुठं ठेवावी ते न कळून हातातच धरून उभे राहिले.

‘बसा, ताई. मी तुम्हाला खोटं छापायला लावलं.’

‘काका, जाऊ द्या ते.’

‘पहिल्यांदा खरंच दिसलं होतं, आईशप्पथ. मग पुढच्या गुरुवारी तुमचा फोन आला. दिसलं का म्हणालात. नाही म्हटलं असतं तर तुम्ही ‘बरं’ म्हणून ठेवला असता.’

ठेवला असता. मला रडू यायला लागलं आणि मला रडताना कोणी बघितलेलं आवडत नाही, म्हणून मी पर्समध्ये डोकं घालून मोबाइल शोधला. वायरमनकडून ते चित्रण मी त्यात घेतलं होतं. ‘हे बघा. तुमचं तेवढं राहिलंय बघायचं.’

त्यांनी कपडे खाली ठेवले, चष्मा पुसला, मोबाइल दोन्ही हातांत धरला. बघितलं. पुन्हा लावा म्हणाले. पुन्हा बघितलं. पिल्लू घसरलं तेव्हा हसले. मी घशाशी आलेलं वाक्य काढणार, तोच ते म्हणाले, ‘मी उठलो की येतं.’

‘हो.’

‘म्हणजे पिल्लं घेऊन तिकडे कुठंतरी खोळंबलेलं असणार. कधी एकदा हा म्हातारा उठतोय म्हणून.’ त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. ‘मी तिथंही फाटकच झालो की, ताई.’

मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

‘जात नाही मग. तुम्ही हेच सांगायला आलात ना?’

‘पिल्लं मोठी होईपर्यंतच, काका. मग जा की खुशाल.’

‘हो, हो,’ ते म्हणाले. चहा केला त्यांनी. साखर जास्त पडली होती. दोन माणसांचा अंदाज राहिला नाही म्हणाले.

मी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले. ‘ताई, गुरुवारी मग...’

‘करणार ना फोन. न करायला काय झालं?’

‘पण सांगू काय? डोळ्यांनी पाहिलं असेल तरच सांगायचं ना. आता खोटं नाही सांगणार मी.’

‘बघू’ म्हणून मी गवतातून खाली आले.

गुरुवारी त्यांचा नंबर सगळ्यांत शेवटी लावला. धीर होत नव्हता. पहिल्याच घंटीला उचलला.

‘काका, काही बातमी?’

ते म्हणाले, ‘आज मी ओढ्यावर गेलो नाही, ताई. आख्खा आठवडा गेलो नाही.’

माझ्या तोंडात ‘बरं’ आलं होतं. मी ते गिळलं. ‘मग काय केलंत?’ मी विचारलं.

‘दारात खुर्ची टाकून बसलो. ओढ्याकडे पाठ करून, उगाच मोह नको. दुपारची गाडी गेली तेव्हा हिरवी झेंडी दाखवली.’

‘आणि?’

‘ड्रायव्हरनं हात केला. बहुतेक मलाच केला. दुसरं कोणी नव्हतं तिथं.’

मग मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. गाडीला डबे किती होते, खिडकीत कोण होतं, झेंडीचा रंग किती उडालाय. दारात गिऱ्हाईक येऊन शटर वाजवत होतं, त्याला मी हातानंच थांब म्हटलं. थांबला तो बापडा.

संध्याकाळी मी टाइप केलं, सदरात सगळ्यांत वर: ‘फाटकवाले या आठवड्यात ओढ्यावर गेले नाहीत. पाहणारे: फाटकवाले.’ शुक्रवारी सकाळी हेडसर तावातावानं कागद घेऊन दुकानात आले. ही काय वन्यजीवांची बातमी आहे का, म्हणाले. नियम काय आहेत आपले?

मी म्हटलं, ‘सर, नियमाप्रमाणेच आहे. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि सगळ्यांत आधी त्यांनीच पाहिलंय, त्यावरून कोणी भांडायला येणार नाही. पाहायला दुसरं कोणी नव्हतंच.’